रोहिणीशकटभेद : एका भयाचा आणि त्याच्या गणिताचा इतिहास

सारांश

वृषभ राशीतील नारिंगी वर्णाचा रोहिणी तारा व त्याभोवतीचा तारकासमूह यांस भारतीय परंपरेने 'रोहिणीशकट' म्हणजे रोहिणीचा गाडा असे नाव दिले. शनी किंवा मंगळ या गाड्यातून गेल्यास बारा वर्षांचे अवर्षण पडेल, अशी समजूत संहिताग्रंथ, पुराणे व कथावाङ्मय यांतून दीर्घकाळ प्रचलित होती. प्रत्यक्षात हा योग ऐतिहासिक काळात घडलेला नाही आणि घडणे शक्यही नव्हते. ही गोष्ट भारतीय गणितज्योतिषाच्या स्वतःच्या अंकांवरून सिद्ध होते. कोकणातील गणेश दैवज्ञांनी ती इ. स. १५२० मध्ये स्पष्ट शब्दांत नोंदविली, तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी तिच्यातून कालनिर्णयाचा प्रश्न उपस्थित केला. प्रस्तुत लेखात या समजुतीचा व तिच्या गणिती परीक्षणाचा इतिहास मांडून, प्राचीन वचनांवरून ज्योतिषीय कालनिर्णय करताना कोणती सावधगिरी आवश्यक आहे याचा विचार केला आहे.

प्रस्तावना

विज्ञानाच्या इतिहासात घडलेल्या घटनांच्या नोंदींना मोठे महत्त्व असते. ग्रहणे, धूमकेतू, ग्रहयुती यांच्या जुन्या नोंदी इतिहासकारास कालनिर्णयाचे साधन पुरवितात. परंतु कधी कधी न घडलेल्या घटनेचा इतिहासही तितकाच बोलका ठरतो. रोहिणीशकटभेद हा असाच एक योग होय. या योगाची भीती जनमानसात रुजली, त्यावर पुराणकथा रचली गेली, फलग्रंथांत त्याची फले सांगितली गेली. मात्र ज्यांनी ही फले वाचली व ऐकली त्यांपैकी कोणाच्याही हयातीत शनीने रोहिणीचा गाडा भेदलेला नाही.

मग ही समजूत आली कोठून? ती टिकली कशी? आणि ग्रहांच्या गती मोजणाऱ्या ज्योतिषांनी तिच्याविषयी काय म्हटले? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना भारतीय ज्योतिषाच्या परंपरेतील एक महत्त्वाचा भेद समोर येतो. तो म्हणजे फल सांगणारी संहिता आणि स्थान सांगणारे गणित यांमधील भेद. हे दोन प्रवाह अनेकदा एकाच ग्रंथकाराच्या लेखणीतून वाहिले, तरी त्यांची प्रमाणे वेगळी होती. रोहिणीशकटाच्या उदाहरणात हा वेगळेपणा विशेष स्पष्टपणे दिसतो.

रोहिणी आणि तिचा शकट

आधुनिक खगोलशास्त्रात रोहिणी हा तारा 'अल्देबरान' या अरबी नावाने ओळखला जातो. या नावाचा अर्थ 'मागून येणारा' असा आहे. कृत्तिकांच्या पाठोपाठ हा तारा उगवतो म्हणून त्यास हे नाव मिळाले. भारतीय नाव मात्र त्याच्या वर्णावरून पडलेले आहे. रोहिणी म्हणजे तांबूस. हा वर्ण त्याच्या पृष्ठभागाच्या तुलनेने कमी तापमानामुळे, सुमारे ३,९०० केल्विनमुळे, दिसतो. आपल्या गाभ्यातील हायड्रोजन संपल्यानंतर फुगत गेलेला हा नारिंगी राक्षसी तारा असून त्याची त्रिज्या सूर्याच्या त्रिज्येच्या ४० पटींहून अधिक आहे. तो आपल्यापासून सुमारे ६६ प्रकाशवर्षे अंतरावर आहे.

रोहिणीच्या पश्चिमेस मंद ताऱ्यांची जी कोनाकार आकृती दिसते, तिच्यासह रोहिणी नक्षत्राचे पाच तारे मानले जातात. रोहिणी हा त्यांतील योगतारा, म्हणजे नक्षत्राचे स्थान दर्शविणारा मुख्य तारा. ही आकृती उघड्या तोंडाच्या गाड्यासारखी दिसते, म्हणून तिला शकट म्हटले गेले. पाश्चात्त्य परंपरेत याच आकृतीला वृषभाचे मुख मानून रोहिणीला त्याचा डोळा कल्पिले आहे. मौजेची गोष्ट अशी की, शकटाचे उरलेले तारे ज्या 'हायडीज' तारकागुच्छात आहेत तो सुमारे १५० प्रकाशवर्षे दूर आहे. रोहिणी त्या गुच्छात नाही. ती त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर आहे. म्हणजे आपल्या दृष्टिरेषेने एकत्र आणलेला हा गाडा आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब शकटाच्या स्थानाची आहे. सूर्याच्या भासमान मार्गास क्रांतिवृत्त म्हणतात आणि क्रांतिवृत्तापासून उत्तर किंवा दक्षिण अंतरास शर म्हणतात. रोहिणीचा शर सुमारे ५ अंश २८ कला दक्षिण आहे. शकटाच्या उत्तर टोकाचा तारा क्रांतिवृत्ताच्या सुमारे २ अंश ३५ कला दक्षिणेस आहे. याचा अर्थ असा की, एखाद्या ग्रहास या गाड्यात शिरावयाचे असेल तर त्या ठिकाणी त्याचा दक्षिण शर अडीच अंशांहून अधिक असला पाहिजे. सूर्यसिद्धान्ताच्या आठव्या अध्यायात हीच अट वेगळ्या अंकांत आली आहे. वृषभ राशीच्या सतराव्या अंशात असलेल्या ज्या ग्रहाचा दक्षिण शर दोन अंशांहून अधिक असेल तो रोहिणीशकट भेदील, असे तेथे सांगितले आहे. या विधानात कोणत्याही फलाचा उल्लेख नाही. ती केवळ एक भूमितीय अट आहे.

भयाची परंपरा

रोहिणीविषयीच्या कथा वैदिक वाङ्मयाइतक्या जुन्या आहेत. प्रजापतीने आपल्या तेहतीस कन्या सोमास दिल्या, परंतु सोम एकट्या रोहिणीकडेच राहू लागला आणि त्यामुळे त्यास राजयक्ष्मा जडला, ही कथा तैत्तिरीय संहितेत आहे. मृगरूप प्रजापती, त्यास विंधणारा मृगव्याध आणि आकाशात गेलेली रोहिणी यांची कथा ऐतरेय ब्राह्मणात येते. या कथांत शनीचा संबंध नाही. त्या चंद्र व तारे यांच्या आहेत.

महाभारताच्या उद्योगपर्वात व भीष्मपर्वात युद्धपूर्व दुश्चिन्हांच्या वर्णनात शनी रोहिणीस पीडा देत असल्याचा उल्लेख आढळतो. येथे 'पीडा' हा शब्द आहे, 'शकटभेद' नव्हे. नक्षत्राच्या जवळ ग्रह असणे एवढाच त्याचा खगोलीय अर्थ होऊ शकतो. शनी सुमारे साडेएकोणतीस वर्षांनी पुन्हा रोहिणीजवळ येतो, त्यामुळे अशी पीडा प्रत्येक पिढीला पाहता येते. पीडा आणि भेद यांतील हा फरक पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

शकटभेदाचे भय स्पष्ट स्वरूपात दिसते ते वराहमिहिराच्या बृहत्संहितेत. इ. स. च्या सहाव्या शतकातील या ग्रंथकाराने रोहिणीयोगास स्वतंत्र अध्याय दिला आहे. आषाढातील चंद्र-रोहिणीच्या योगावरून पर्जन्याचे अनुमान कसे करावे हा त्या अध्यायाचा मुख्य विषय आहे. शनी, मंगळ किंवा केतू यांनी रोहिणीशकट भेदल्यास काय सांगावे, सारे जगच संकटाच्या सागरात नाश पावेल, अशा आशयाचे विधानही बृहत्संहितेत येते. चंद्र शकटाच्या मध्यभागी असता लोक निराश्रित होऊन अन्नासाठी दाही दिशा भटकतील, असेही फल दिले आहे.

पुराणात याच भयास राजाच्या पराक्रमाची जोड मिळाली. शनी लवकरच रोहिणीशकट भेदणार आणि बारा वर्षे दुष्काळ पडणार, असे दैवज्ञांनी दशरथास सांगितले. प्रजेच्या रक्षणासाठी दशरथ रथात बसून नक्षत्रमंडलात गेला व त्याने शनीवर अस्त्र रोखले. त्याच्या धैर्याने प्रसन्न झालेल्या शनीने रोहिणीशकट न भेदण्याचा वर दिला. पद्मपुराणातील ही कथा शनिस्तोत्राच्या निमित्ताने आजही वाचली जाते. या कथेत एक सूक्ष्म गोष्ट दडलेली आहे. कथा अंती सांगते ती शकटभेद घडल्याचे नव्हे, तो टळल्याचे. जो योग कोणीही पाहिलेला नाही, तो का दिसत नाही याचे उत्तरच जणू पुराणकाराने दिले आहे. शनीने शब्द दिला आहे, म्हणून तो गाड्यात शिरत नाही.

पंचतंत्रातील उपयोग तर याहूनही विचार करावयास लावणारा आहे. म्हातारा बगळा व खेकडा यांची गोष्ट सर्वांस परिचित आहे. पंचतंत्राच्या काही पाठांत हा बगळा तळ्यातील माशांना सांगतो की, शनी रोहिणीशकट भेदणार असल्याने बारा वर्षे पाऊस पडणार नाही असे आपण दैवज्ञांच्या तोंडून ऐकले आहे. आपल्या म्हणण्यास आधार म्हणून तो वराहमिहिराचे नावही घेतो. भयभीत मासे त्याच्या स्वाधीन होतात आणि तो एकेकास नेऊन खातो. शास्त्राचे वचन, भीती आणि त्या भीतीवर पोट भरणारा लबाड, हे तिन्ही कथाकाराने एकाच प्रसंगात आणले आहेत. शकटभेदाची समजूत किती सर्वपरिचित होती हे यावरून दिसतेच. शिवाय तिचा गैरवापर होऊ शकतो याची जाणीवही परंपरेत होती, हे लक्षात येते.

रोहिणी आणि पर्जन्य यांचा संबंध मात्र केवळ कल्पित म्हणता येणार नाही. मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो व त्यानंतर मृग नक्षत्र लागते. महाराष्ट्रातील शेतकऱ्याचे डोळे याच काळात आकाशाकडे लागलेले असतात. पावसाच्या उंबरठ्यावरील या नक्षत्रावर मंदगती शनीची छाया पडणे म्हणजे अवर्षण, असे समीकरण कृषिप्रधान समाजात रुजणे स्वाभाविक होते. भयाचे मूळ समजून घेणे आणि भयास प्रमाण मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

गणिताचे उत्तर

आता ज्योतिषगणिताकडे वळू. ग्रहाची कक्षा क्रांतिवृत्तास ज्या बिंदूंत छेदते त्यांस पात म्हणतात. ग्रह पातावर असता त्याचा शर शून्य असतो आणि पातापासून ९० अंशांवर तो सर्वाधिक असतो. म्हणून एखाद्या ठिकाणी ग्रह किती दक्षिणेस जाऊ शकेल हे दोन गोष्टींवर अवलंबून असते. कक्षेचा कल किती आहे आणि पात त्या ठिकाणापासून किती दूर आहे.

आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमाराच्या आपल्या ग्रंथात हे दोन्ही अंक दिले आहेत. त्याच्या मते शनीचा परम शर २ अंश व पात १०० अंशांवर आहे. मंगळाचा परम शर दीड अंश व पात ४० अंशांवर आहे. सूर्यसिद्धान्ताने सांगितलेले शकटाचे स्थान वृषभाचा सतरावा अंश, म्हणजे मेषारंभापासून सुमारे ४७ अंश आहे. शनीच्या पातापासून हे स्थान ५३ अंश मागे पडते. तेथे शनीचा दक्षिण शर २ अंशांस ५३ अंशांच्या ज्येने गुणून सुमारे १ अंश ३६ कला येतो. शनी सूर्याच्या समोर असून पृथ्वीला जवळ असताना हा शर थोडा वाढून दिसतो, तरीही तो पावणेदोन अंशांच्या आसपासच राहतो. दोन अंशांहून अधिक ही सूर्यसिद्धान्ताची अट तो पूर्ण करीत नाही.

मंगळाची स्थिती याहून स्पष्ट आहे. त्याचा पात ४० अंशांवर आणि शकट ४७ अंशांवर. पात ओलांडून मंगळ नुकताच क्रांतिवृत्ताच्या उत्तरेस गेलेला असतो. शकट तर दक्षिणेस आहे. तेव्हा मंगळाकडून शकटभेद होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आधुनिक मूल्ये घेतली तरी निष्कर्ष बदलत नाही. शनीच्या कक्षेचा कल २ अंश २९ कला असून तिचा पात शकटापासून सुमारे ४५ अंश पुढे आहे. त्यावरून शकटाच्या ठिकाणी शनीचा दृश्य दक्षिण शर फार तर सुमारे २ अंश होतो. गाड्याचे उत्तर टोक २ अंश ३५ कलांवर आहे. म्हणजे शनी गाड्याच्या वरून, सुमारे अर्धा अंश अंतर राखून निघून जातो. हे अंतर पूर्णचंद्राच्या बिंबाएवढे आहे.

यावरून दिसते की, वराहमिहिराच्या काळी उपलब्ध असलेल्या अंकांवरूनच शनी व मंगळ यांचा शकटभेद अशक्य ठरत होता. वराहमिहिर स्वतः पंचसिद्धान्तिकेचा कर्ता, म्हणजे ग्रहगणितात निष्णात होता. मग त्याने संहितेत हे फल का दिले? याचे उत्तर संहिताग्रंथांच्या स्वरूपात आहे. संहिता हा पूर्वाचार्यांच्या मतांचा संग्रह असतो. परंपरेने आलेले वचन नोंदविणे हे संहिताकाराचे कर्तव्य होते. ते वचन घडू शकते की नाही हे तपासणे हा गणिताचा प्रांत होता. शिवाय वराहमिहिराचे विधान 'जर' या अटीने बांधलेले आहे. असा भेद झाला, असे तो कोठेही म्हणत नाही.

गणेश दैवज्ञांचा नियम

या दोन प्रांतांमधील भिंत ओलांडून शकटभेदाच्या शक्याशक्यतेविषयी थेट विधान करण्याचे श्रेय कोकणातील एका ज्योतिषास जाते. मुरूड-जंजिऱ्यानजीकच्या नांदगाव येथील गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० मध्ये, 'ग्रहलाघव' हा करणग्रंथ रचला. त्यांचे पिता केशव दैवज्ञ हे स्वतः आकाशाचे वेध घेणारे ज्योतिषी म्हणून प्रसिद्ध होते. ज्याचापांचे क्लिष्ट गणित टाळून ग्रहस्थिती काढण्याची सुलभ रीत दिल्यामुळे ग्रहलाघव महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही पंचांगकर्त्यांचा प्रमुख आधार बनला आणि पुढील जवळजवळ चार शतके त्याचा प्रभाव टिकला.

ग्रहलाघवात शकटभेदाविषयी दोन विधाने आहेत. पहिले विधान चंद्राविषयी आहे. राहू पुनर्वसूपासूनच्या आठ नक्षत्रांत असताना चंद्र रोहिणीशकट भेदीत असतो, असे गणेश दैवज्ञ सांगतात. दुसरे विधान मंगळ व शनी यांविषयी आहे. त्यांचा शकटभेद दुसऱ्या एखाद्या युगात होऊ शकेल. सध्या त्यांचे पात ज्या स्थितीत आहेत त्या स्थितीत तो होत नाही, असे ते म्हणतात.

पहिल्या विधानाची पडताळणी सहज करता येते. राहू म्हणजे चंद्राचा पात. तो सुमारे १८.६ वर्षांत राशिचक्राची एक फेरी पूर्ण करतो. पुनर्वसूपासून चित्रेपर्यंतची आठ नक्षत्रे म्हणजे ८० अंशांपासून १८६ अंश ४० कलांपर्यंतचा भाग. चंद्रकक्षेचा कल ५ अंश ९ कला धरून गणित केले असता, राहू या भागाच्या आरंभी असताना शकटाजवळ चंद्राचा दक्षिण शर सुमारे २ अंश ४८ कला आणि शेवटी असताना सुमारे ३ अंश २० कला येतो. मधल्या काळात तो याहून अधिक असतो. शकटाची उत्तर सीमा २ अंश ३५ कला असल्याने नियम अचूक ठरतो. प्रत्येक १८.६ वर्षांच्या फेरीत सुमारे साडेपाच वर्षे चंद्र दरमहा या गाड्यातून जातो.

अलीकडच्या अनुभवानेही या नियमास पुष्टी मिळते. २९ जानेवारी २०१५ पासून ३ सप्टेंबर २०१८ पर्यंत चंद्राने प्रत्येक फेरीत रोहिणी ताऱ्याचे पिधान केले. पृथ्वीच्या कोणत्या ना कोणत्या भागातून ते दिसले. या मालिकेच्या आरंभी राहू हस्त नक्षत्रात होता आणि अखेरीस पुष्य नक्षत्रात. दोन्ही नक्षत्रे गणेश दैवज्ञांनी सांगितलेल्या आठांत येतात. पाच शतकांपूर्वी एका श्लोकार्धात दिलेला नियम आजही जसाच्या तसा लागू पडतो, ही गोष्ट कौतुकास्पद आहे.

या नियमाचा एक परिणाम मात्र क्वचितच लक्षात घेतला जातो. चंद्राचा शकटभेद जर साडेअठरा वर्षांत साडेपाच वर्षे होतच असेल, तर त्याची भयंकर फले अनुभवास येतात की नाही हे पिढ्यान्‌पिढ्या तपासणे शक्य होते. दहापैकी तीन वर्षी काही ना काही प्रदेशात पाऊस कमी पडणे हे आपल्या देशात अपूर्व नाही. त्यामुळे हे फल ना सिद्ध झाले, ना खोटे ठरले. शनीचे फल तर तपासताच येण्याजोगे नव्हते, कारण त्याचे कारणच कधी घडत नव्हते. जे भय अनुभवाच्या कसोटीला उतरू शकत नाही तेच अधिक टिकते, असे या उदाहरणावरून म्हणावेसे वाटते.

गणेश दैवज्ञांच्या दुसऱ्या विधानाची भाषा मननीय आहे. त्यांनी परंपरेस खोटे ठरविलेले नाही. योग घडत नाही याचे कारण म्हणून त्यांनी शनीच्या वराचा उल्लेखही केलेला नाही. त्यांनी पातांच्या स्थितीकडे बोट दाखविले. पात चल आहेत, म्हणून अन्य युगात योग संभवेल; आज नाही. पुराणाने जेथे शनीचे वचन सांगितले तेथे गणेश दैवज्ञांनी शनीचा पात सांगितला. परंपरेविषयीचा आदर न सोडता केलेले हे विधान वैज्ञानिक दृष्टीचे उत्तम उदाहरण आहे.

दीक्षित आणि कालनिर्णयाचा प्रश्न

गणेश दैवज्ञांच्या 'युगान्तर' या शब्दातून पुढे एक वेगळाच प्रश्न निघाला. पात जर हळूहळू सरकतात, तर भूतकाळात केव्हा तरी शनीने शकट भेदलेला असेल काय? शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या आपल्या इतिहासात या प्रश्नाचे गणित केले. शकारंभापूर्वी पाच सहस्रांहून अधिक वर्षांपूर्वीच हा योग शक्य होता, असा त्याचा मथितार्थ निघतो. मराठीत लिहिलेला हा ग्रंथ आजही या विषयातील आधारग्रंथ मानला जातो, आणि मूळ संस्कृत वचने, त्यांचे गणित व त्यांची चिकित्सा यांचा असा मेळ त्यापूर्वी क्वचितच घातला गेला होता.

तो काळ ज्योतिषीय कालनिर्णयाच्या उत्साहाचा होता. लोकमान्य टिळकांचा 'ओरायन' १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि वसंतसंपाताच्या स्थानावरून वेदकाल ठरविण्याचा प्रयत्न चर्चेत होता. अशा वातावरणात शकटभेदाचे वचन म्हणजे अतिप्राचीन काळी प्रत्यक्ष पाहिलेल्या घटनेची स्मृती होय, असे मानण्याकडे कल होणे समजण्याजोगे आहे. परंतु हे अनुमान स्वीकारण्यापूर्वी तीन आक्षेपांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप गणिताच्या सूक्ष्मतेचा आहे. शनीचा शर आणि शकटाची सीमा यांतील अंतर हजारो वर्षांत अतिशय मंद गतीने बदलते. पात, कक्षेचा कल आणि क्रांतिवृत्ताची पातळी हे तिन्ही एकाच वेळी सरकत असतात. गाड्याची सीमा कोणत्या ताऱ्यावर मानावी याविषयी काही कलांचा फरक पडला तरी उत्तर कित्येक शतकांनी मागेपुढे होते. अशा उत्तरास निश्चित काल न मानता स्थूल मर्यादा मानणेच योग्य होय.

दुसरा आक्षेप वाङ्मयीन पुराव्याचा आहे. वैदिक वाङ्मयात रोहिणीच्या कथा आहेत, पण शनीच्या शकटभेदाची नाही. शकटभेदाचे वचन ज्या ग्रंथांत आढळते ते इ. स. च्या पहिल्या सहस्रकातील व त्यानंतरचे आहेत. मधल्या पाच-सहा सहस्र वर्षांत ही स्मृती कोणत्याही ग्रंथात न उतरता टिकून राहिली, असे मानण्यास पुरावा लागेल.

तिसरा आक्षेप अधिक सोप्या पर्यायाचा आहे. चंद्र शकटातून जातो हे सर्वांना दिसत होते. चंद्राचे फल सांगितल्यावर त्याच न्यायाने शनी, मंगळ व केतू या अशुभ मानलेल्या ग्रहांची अधिक भयंकर फले कल्पिणे ही संहिताग्रंथांची नेहमीची पद्धती आहे. यासाठी कोणी शनीस गाड्यात पाहिलेले असण्याची आवश्यकता नाही. प्रस्तुत लेखकास हा पर्याय अधिक ग्राह्य वाटतो. दीक्षितांचे गणित यामुळे निरर्थक ठरत नाही. योग केव्हा शक्य होता हे त्यांनी दाखविले. तो कोणी पाहिला होता हे मात्र त्या गणिताने सिद्ध होत नाही. शक्यता आणि साक्ष यांतील हे अंतर इतिहासकाराने पुसू नये.

याच ताऱ्याचा आणखी एक पाठ

जुन्या नोंदींवरून निष्कर्ष काढताना होणारी गफलत केवळ आपल्याकडेच झाली असे नाही. योगायोगाने तिचे दुसरे उदाहरणही याच ताऱ्याशी निगडित आहे. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅले याने १७१८ मध्ये प्राचीन ग्रीक नोंदींतील ताऱ्यांच्या शरांची आपल्या काळातील शरांशी तुलना केली. व्याध, स्वाती व रोहिणी हे तीन तारे पूर्वीपेक्षा अर्ध्या अंशाहून अधिक दक्षिणेस सरकल्याचे त्यास आढळले. रोहिणीच्या बाबतीत त्याने इ. स. ५०९ मध्ये अथेन्स येथून पाहिलेल्या चंद्रकृत पिधानाचाही आधार घेतला. स्थिर मानलेल्या ताऱ्यांना स्वतःची गती असते, हा क्रांतिकारक निष्कर्ष त्याने यातून काढला.

निष्कर्ष बरोबर होता. व्याध व स्वाती यांच्या बाबतीत पुरावाही योग्य होता. परंतु रोहिणीची निजगती वर्षाला सुमारे ०.२ विकला एवढीच आहे. ग्रीक नोंदींपासून हॅलेपर्यंतच्या सुमारे साडेअठराशे वर्षांत ती केवळ ६ कला सरकली असणार. अर्ध्या अंशाचा फरक ताऱ्याच्या गतीतून आलेला नव्हता. त्यातील बहुतेक भाग जुन्या मोजमापांतील चुकीचा होता. प्राचीन नोंद सन्माननीय असली तरी तिच्यातील चूक किती असू शकते हे ठरविल्याशिवाय तिच्यावर सिद्धांत उभारू नये, हाच धडा यातून मिळतो. वैदिक किंवा महाभारतीय उल्लेखांवरून वर्ष-तिथीपर्यंत कालनिर्णय करणाऱ्यांनी तो विसरता कामा नये.

समारोप

रोहिणीशकटभेदाच्या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, भारतीय ज्योतिषपरंपरा एकजिनसी नव्हती. फल सांगणारे वचन आणि त्याची शक्याशक्यता दाखविणारे गणित तिच्यात शेजारी शेजारी नांदत होते. दुसरी, त्या वचनाची चिकित्सा बाहेरून आलेल्या शास्त्राने प्रथम केलेली नाही. तिची साधने आर्यभटाच्या अंकांत होती आणि तिचे स्पष्ट उच्चारण गणेश दैवज्ञांच्या ग्रंथात झाले. तिसरी, गणिताने एखादी घटना शक्य ठरली म्हणून ती पाहिली गेली होती असे सिद्ध होत नाही.

परंपरेचा अभिमान आणि परंपरेची चिकित्सा यांत विरोध आहे असे आपल्या महाविद्यालयीन चर्चांतून अनेकदा गृहीत धरले जाते. एक पक्ष जुन्या ग्रंथांतील प्रत्येक वचनास प्रत्यक्ष निरीक्षण मानतो, तर दुसरा त्या सर्वांस अंधश्रद्धा म्हणून बाजूस सारतो. दोघेही ग्रहलाघवाचे ते दोन नियम वाचण्याचे कष्ट घेत नाहीत. इतिहास, संस्कृत, गणित व भौतिकशास्त्र या विभागांनी मिळून असे एकेक वचन विद्यार्थ्यांकडून तपासून घेतले, तर या वादातील बराच धुरळा खाली बसेल.

त्यासाठी एक संधीही जवळ आली आहे. २००१ मध्ये रोहिणीजवळून गेलेला शनी २०३०-३१ मध्ये पुन्हा तेथे येईल. त्या वेळी शकटभेदाचे आणि बारा वर्षांच्या अवर्षणाचे भय पुन्हा पसरविले जाण्याचा संभव आहे. बगळ्यांची उणीव कोणत्याच काळी नसते. अशा वेळी विद्यार्थ्यांस रात्री मैदानावर नेऊन तांबूस रोहिणी, तिचा गाडा आणि त्याच्या उत्तरेकडून जाणारा शनी दाखवावा व मधले अर्ध्या अंशाचे अंतर त्यांच्याकडूनच मोजून घ्यावे. नांदगावच्या ज्योतिषाने १५२० मध्ये जे लिहून ठेवले ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येईल.